सातपूरच्या 22 कामगारांच्या शेडमध्ये फर्स्ट एडच्या पेटीत काय काय असावं?

तुम्ही लिहिलंय, नाशिकच्या सातपूरला शीट मेटलचं शेड आहे, दोन शिफ्ट मिळून 22 माणसं, चार पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापणारी, वाकवणारी मशीन). पेटीत काय ठेवावं, ते हृदयाला शॉक देणारं एईडी मशीन घ्यावं का, आणि तुमच्या गणेश मंडळासाठीही अशीच पेटी करावी का, असे तीन प्रश्न आहेत. मी अंबडला प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर आहे, एकोणीस वर्षं झाली. यादी देतोच, पण आधी सांगा, तुमच्या पेटीला कुलूप आहे का?

मी पूर्वी होतो त्या कंपनीतल्या पेटीला होतं. सेकंड शिफ्ट, रात्री साडेनऊचा सुमार. एका ऑपरेटरचं बोट डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, अडकून तुटलं. पेटी स्टोअरमध्ये, स्टोअरची किल्ली स्टोअरकीपरकडे, आणि तो सहालाच सिडकोत घरी गेलेला. शेवटी मशीन पुसायच्या बनियन वेस्टनेच हात गुंडाळला. एका पोराने डोकं लावून तुटलेला तुकडा शोधला, नाक्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणला आणि तुकडा त्यात पुरला. त्याला वाटलं आपण बरोबर केलं, आम्हालाही तसंच वाटलं. डॉक्टरांनी तो बघितला आणि नुसती मान हलवली. तुकडा चेचलेला होताच, त्यात थेट बर्फात ठेवल्याने उरलीसुरली आशाही गेली.

योग्य रीत अशी: जखमेवर स्वच्छ गॉज ठेवून घट्ट दाबायचं आणि हात वर धरायचा. तुकडा ओलसर गॉजमध्ये गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड पक्कं बंद करायचं आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. तुकड्याला बर्फ लागता कामा नये आणि पाणीही. आमच्या पेटीत आता दोन झिपवाल्या पिशव्या असतात, त्यांवर मार्करने ‘बोट’ असं लिहिलंय. नवीन पोरं हसतात. हसू देत.

1948 च्या कारखाने अधिनियमात (2025 मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) कलम 45 होतं, त्यातला हिशोब 150 कामगारांमागे किमान एक पेटी असा होता. तो कागदापुरता ठीक होता. प्रेस शॉपमध्ये मी पावलं मोजतो. कुठल्याही मशीनपासून तीस पावलांत पेटी हाताला लागली पाहिजे, म्हणजे तुमच्या शेडला दोन लागतील. त्याच कलमातल्या दोन गोष्टी मात्र खरंच कामाच्या आहेत. एक, पेटीची जबाबदारी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेल्या माणसाकडे हवी आणि तो कामाच्या वेळात हजर हवा. तुमच्या दोन शिफ्ट, म्हणजे असे दोघं तयार करा. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेडक्रॉसचे वर्ग असतात, तिथे पाठवा. दुसरी, ठरलेल्या सामानाशिवाय पेटीत काहीही ठेवायचं नाही. याचं महत्त्व मला एकदा पेटीतून मोबाईलचा चार्जर, तंबाखूची पुडी आणि भिशीची वही निघाली तेव्हा कळलं.

आता सामान. निर्जंतुक गॉज भरपूर, दोन-तीन मापांत. रोलर बँडेज रुंद आणि अरुंद. हात गळ्यात अडकवायला त्रिकोणी पट्ट्या. चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, चिमटा, रबरी हातमोजे, पोव्हिडोन आयोडीन, सलाईनची बाटली, ओआरएसची पाकिटं. कापूस ठेवलात तर तो थेट जखमेवर लावू नका, तंतू चिकटून बसतात. पोटातून घ्यायच्या गोळ्या ठेवू नका. कुणाला कशाची ॲलर्जी आहे हे आपल्याला माहीत नसतं.

भाजल्यावर पेटीपेक्षा नळ कामाचा. वेल्डिंगजवळ नळ नसेल तर आधी तो बसवा. भाजलेला भाग वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचा. टूथपेस्ट, हळद, शाई यांतलं काहीही लावायचं नाही. आमच्याकडे एका काकांनी पोराच्या हाताला टूथपेस्ट थापली होती आणि डॉक्टरांना ती खरवडताना पोराचे हाल बघवत नव्हते. डोळ्यात केमिकल गेलं तरी नळच, सलग पंधरा मिनिटं.

बाजारात पांढऱ्या पेटीवर लाल क्रॉस असतो, पण ते चिन्ह 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याने राखीव आहे, आपण वापरायचं नसतं. हिरव्यावर पांढरा क्रॉस घ्या, लांबूनही चांगला दिसतो.

पेटीसोबत एक वही दोरीने बांधा. कुणी काय घेतलं, कुठल्या मशीनवर लागलं, दोन शब्दांत लिहायचं. आमचे शेठ पहिल्याच महिन्यात ओरडले, ‘‘पट्ट्या फार खपतात!’’ मी म्हटलं, खपू देत साहेब. सहा महिन्यांनी वही चाळली तर निम्म्याहून जास्त नोंदी एकाच टेबलाच्या निघाल्या, जिथे पोरं शीटच्या कडेची बर (कापल्यावर उरलेली धारदार किनार) हाताने काढायची. जाड हातमोजे दिले आणि टेबलाची उंची वाढवली, मग नोंदी आपोआप कमी झाल्या. भरलेली, कोरी करकरीत पेटी दिसली की मला शंका येते, कारण लागतं सगळीकडेच. तिथली माणसं पेटीला हात लावायला घाबरत असणार.

एईडीचं सांगतो. हे मशीन हृदयाची लय स्वतः तपासतं आणि गरज असेल तरच शॉक देतं, त्यामुळे अडाण्याच्या हातूनही चुकून शॉक बसत नाही. हृदय बंद पडल्यावर शॉक मिळायला जो प्रत्येक मिनिट उशीर होतो, त्याने वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते. अशा वेळी रुग्णवाहिका त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलवर असते. तरीही 22 माणसांच्या शेडने एकट्याने ते घ्यावं असं मला वाटत नाही. किंमत लाखाच्या घरात जाते, आणि पॅड व बॅटरीची मुदत संपते हे लक्षात ठेवावं लागतं. गल्लीतल्या सहा-सात शेडनी मिळून घ्या, धावत जाऊन तीन मिनिटांत आणता येईल अशा जागी ठेवा. घेताना हिंदीत सूचना देणारं मशीन मागा. तोवर छाती दाबायला शिका: मधोमध, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा.

मंडळाची पेटी वेगळी करा. तिथे बोटं तुटत नाहीत, चक्कर येते, पाय मुरगळतो, गुदमरायला होतं. ओआरएस, क्रेप बँडेज, घडीचं स्ट्रेचर घ्या. त्याहून महत्त्वाची गर्दीतली मोकळी वाट. 27 ऑगस्ट 2003 ला आपल्याच शहरात कुंभाच्या चेंगराचेंगरीत 39 माणसं गेली. अशा गर्दीत माणसं जखमांपेक्षा श्वास कोंडून जातात, आणि वाट नसेल तर पेटी त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही. दोर धरणाऱ्या पोरांपैकी चौघांना छाती दाबायला शिकवलंत तरी खूप.

एक राहिलं. पेटीच्या झाकणावर 108 लिहा, आणि त्याखाली शेडचा पूर्ण पत्ता: प्लॉट नंबर, गल्ली, जवळची खूण. घाबरलेल्या माणसाला फोनवर स्वतःच्या कंपनीचाही पत्ता सांगता येत नाही, हे मी पाहिलंय. आमच्याकडे तो मराठीत आणि हिंदीत लिहिलाय, रात्रपाळीची निम्मी पोरं बिहारची आहेत.