वाचकांचे प्रश्न : ‘देवाची इच्छा’ म्हणण्याआधी

लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू झाला की या सदराच्या टपालाचा सूर बदलतो. एरवी बाप्तिस्मा, लग्न, मंडळीतले (चर्चमधले) वाद असले विषय असतात. या दिवसांत मात्र आजारपण, मृत्यू, न फळलेल्या प्रार्थना यांबद्दल लोक लिहितात. त्यातली पाच पत्रं इथे घेतली आहेत. नावं आणि गावं मुद्दाम गाळली आहेत.

प्रश्न : माझे यजमान सात महिन्यांपूर्वी कॅन्सरने गेले. भेटायला येणारे सगळे ‘देवाची इच्छा’ म्हणतात आणि रोमकरांस पत्र ८:२८ ऐकवतात. मला देवाचा राग येतो. प्रार्थनेला बसले की शब्दच येत नाहीत. हे पाप आहे का?

नाही, ताई. देवाचा राग येतो आणि तो त्यालाच सांगावासा वाटतो, याचा अर्थ नातं अजून तुटलेलं नाही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. उपासनेत ती फारशी वाचली जात नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं की देवापुढे फक्त स्तुतीच चालते.

आधी त्या वचनाबद्दल. ‘सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात’ याचा अर्थ प्रत्येक गोष्ट चांगली आहे असा नाही. कॅन्सर चांगला नाही. हे पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने ‘कल्याण’ म्हणजे काय ते पुढच्याच, २९व्या वचनात सांगितलं आहे : पुत्राच्या, म्हणजे येशूच्या, प्रतिमेसारखं होणं. आणि दोनच वचनं मागे, २६व्यात, काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः कण्हत आपल्यासाठी विनंती करतो, असं आहे. म्हणजे तुमचं शब्द न सुचणं त्या अध्यायात आधीच धरलेलं आहे. लोक २८वं वचन एकटंच उचलून आणतात आणि कण्हणं घरी ठेवून येतात.

आता करायचं काय? स्तोत्र १३ उघडा. फक्त सहा वचनं आहेत. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा ‘कोठवर’ विचारतो. तिसऱ्या-चौथ्यात तो मागतो : माझ्याकडे बघ, उत्तर दे, माझ्या डोळ्यांत उजेड घाल. पाचव्याच्या सुरुवातीला ‘मी तर’ असं वळण येतं आणि मग भरवसा. हाक, तक्रार, मागणी, भरवसा, असे चार टप्पे. एक साधी वही घ्या, प्रत्येक टप्प्याला एक पान द्या आणि आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं बसा. संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमाराला बसलेलं बरं. रात्री अकरानंतर नको, झोप जाते.

तक्रारीचं पान नेमकं लिहा. ‘प्रभू, मी दुःखात आहे’ यातून काहीच हलत नाही. ‘पहाटे तीनला जाग येते, पाण्याचा तांब्या अजून त्यांच्याच बाजूला भरून ठेवते, आणि तू तेव्हा गप्प असतोस’ असं लिहिलंत तर ती प्रार्थना झाली. मागणीही तशीच हवी. ‘बळ दे’ यापेक्षा ‘उद्या बँकेत त्यांचं नाव कमी करायला जायचंय, तिथे रडू येऊ देऊ नकोस’.

बहुतेकांचं चुकतं ते चौथ्या पानावर. घाई होते. शोभेलसं काहीतरी लिहायचं म्हणून ‘तरीही मी तुझी स्तुती करीन’ लिहून मोकळे होतात आणि आठवड्याभरात वही बंद पडते, कारण ते खरं नसतं. भरवसा आला नाही तर पान कोरं ठेवा. स्तोत्र ८८ तसंच आहे. त्यात वळण येतच नाही, शेवट अंधारावर होतो, आणि तरी ते शास्त्रात आहे. महिन्या-दोन महिन्यांनी मागची पानं चाळलीत तर कधीकधी दिसतं की एखादी तक्रार मधेच लिहायची थांबली आहे. आशा पुष्कळदा अशी मागे वळून पाहताना सापडते. वही कोणाला वाचून दाखवू नका, पाळकांनाही (पाद्र्यांनाही) नाही. एकदा दाखवली की माणूस दाखवण्यासाठी लिहू लागतो.

एक मात्र वेगळं धरा. दोन आठवड्यांहून जास्त झोप-जेवण तुटलं असेल, अंघोळीलाही उठवत नसेल किंवा ‘मीही गेलेली बरी’ असं वाटत असेल, तर वही पुरे पडणार नाही. डॉक्टरांना दाखवा. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. फोन फुकट लागतो, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. १ राजे १९मध्ये संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला लावतो. देवाचा आवाज त्यानंतर येतो.

प्रश्न : मुलाला जन्मापासून चालता येत नाही. बाहेरगावच्या एका सुवार्तिकांनी (फिरत्या धर्मप्रचारकांनी) सभेत सांगितलं की घरात कोणाचं तरी पाप आहे, नाहीतर विश्वास कमी आहे. त्याच सभेत माझ्या आईला इन्सुलिन बंद करून विश्वास ठेवायला सांगितलं. काय करावं?

इन्सुलिन बंद करू नका. हे आधी. बंद केलंच असेल तर आजच डॉक्टरांकडे जा. इन्सुलिन अचानक तुटलं की काही रुग्णांत एक-दोन दिवसांत रक्तात आम्ल साचू लागतं. उलट्या होतात, श्वास जोरात चालतो, गुंगी येते, आणि माणूस दगावू शकतो. पौलाच्या सोबत्यांत लूक वैद्य होता आणि आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे, असं पौल लिहितो. औषध म्हणजे अविश्वास, हा हिशेब शास्त्रात कुठेही नाही.

पापाचं म्हणाल तर तुमचाच प्रश्न शिष्यांनी योहान ९मध्ये विचारला आहे : हा आंधळा जन्मला ते कोणाच्या पापामुळे, याच्या की आईबापांच्या? प्रभू येशूचं उत्तर सरळ आहे : ह्याच्याही नाही, आईबापांच्याही नाही. लूक १३मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली त्यांच्याबद्दलही तो म्हणतो की ती यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा अधिक अपराधी नव्हती. दोन्ही ठिकाणी लोक कारण शोधत आहेत आणि प्रभू तो शोध थांबवतो. योहानात तर तो लगेच थुंकीने चिखल कालवून कामाला लागतो.

विश्वास कमी, हा आरोपही टिकत नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या १२व्या अध्यायात पौलाने देहातला काटा, म्हणजे सतत छळणारा एक त्रास, निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, एवढंच उत्तर आलं. पौलाचा विश्वास कमी होता असं त्या सुवार्तिकांना म्हणायचं आहे का?

आजाऱ्यासाठी जरूर प्रार्थना करवून घ्या. याकोब ५:१४ त्यासाठीच आहे. पण तिथे आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना घरी बोलवायचं आहे. स्टेज नाही, माइक नाही, देणगीचं पाकीट नाही. कोणी औषध सोडायला लावत असेल, बरं न झाल्याचा दोष रुग्णावर टाकत असेल किंवा प्रार्थनेआधी रक्कम सांगत असेल, तर तिथून उठा आणि आपल्या पाळकांच्या कानावर घाला. मुलाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) काढलं नसेल तर तेही काढून घ्या. पाप शोधण्यात घालवलेल्या वेळेपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

प्रश्न : नवरा मारतो. सासूबाई म्हणतात, प्रत्येकाने आपला वधस्तंभ उचलायचा असतो.

मार खाणं हा तुमचा वधस्तंभ नव्हे. मार्क ८:३४मधला वधस्तंभ प्रभूच्या मागे गेल्यामुळे वाट्याला येणारा आहे आणि तो स्वतःहून उचलायचा आहे. दुसऱ्याने हात उगारणं हे त्याचं पाप आहे. स्वतः प्रभूही त्याची वेळ येईपर्यंत दगड उचलणाऱ्यांच्या हातून निघून गेला (योहान ८:५९). पौल जिवावर उठलेल्यांपासून वाचायला दिमिष्क (दमास्कस) शहरातून टोपलीत बसून तटावरून उतरला, आणि फटके मारणार तेव्हा ‘मी रोमन नागरिक आहे’ म्हणून त्याने कायदा पुढे केला (प्रेषितांची कृत्ये २२:२५). तुमच्याही हातात कायदा आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते आणि त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो. १८१ ही महिला हेल्पलाइन, तातडीला ११२. आधार कार्ड, मुलांचे दाखले, पासबुक आणि थोडे पैसे एका पिशवीत घालून विश्वासू शेजारणीकडे ठेवा. क्षमेचा विषय सुरक्षित जागी गेल्यावर. पाळकांनी दोघांना समोरासमोर बसवून समेट घडवायचा म्हटलं तर नको म्हणा. अशा बैठकीत बाई खरं बोलू शकत नाही, आणि बोललीच तर त्याचा हिशेब घरी गेल्यावर होतो.

प्रश्न : आमच्या तरुण संघाला दुःखी घरांना भेटी द्यायच्या आहेत. काय बोलावं ते समजत नाही.

कमी बोला. मुलंबाळं, मालमत्ता, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कोणी एक शब्द बोललं नाही. तेवढंच त्यांनी नीट केलं. तोंड उघडल्यावर बिघडलं, आणि ४२व्या अध्यायात परमेश्वर त्यांच्यावर रागावतो. देवाशी भांडणारा ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला, तुम्ही नाही, असं त्यांना ऐकावं लागतं.

दोघं-तिघंच जा, बाराजण नको. वीस मिनिटं बसा. ‘काळजी नको, देव आहे’, ‘त्याला तिथे जास्त गरज होती’, ‘अजून दोन मुलं आहेत ना’ ही वाक्यं घरीच ठेवून या. ‘माझे संकल्प तुमच्या हिताचे आहेत’ हे यिर्मया २९:११ही लगेच काढू नका. ते वचन बाबेलात कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे आणि त्याच्या आधीच्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. कॅलेंडरवर ती छापत नाहीत. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा. नाव घेतलं तर रडू येईल म्हणून लोक टाळतात, पण घरच्यांना तेच ऐकायचं असतं. लहानसं स्तोत्र वाचायचं असेल तर आधी विचारा.

बोलण्यापेक्षा कामं वाटून घ्या. मयताच्या घरी पहिले आठ दिवस चहा करून करून घरच्या बायका थकतात. म्हणून दूध, चहापत्ती, साखर आणि कागदी कप तुम्हीच न्या आणि चहा तुम्हीच करा. जेवण परत द्यावं न लागणाऱ्या डब्यांतून द्या. नाहीतर महिन्याभराने त्या घरात स्टीलचे वीस डबे पडलेले असतात आणि कोणता कोणाचा हे शोधत बसण्याचं काम विधवेला लागतं. एकाने कागदपत्रांचं बघावं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी. दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर दवाखाना कळवतो, घरी झाला असेल तर घरच्यांनी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत कळवायचं. दाखल्याच्या पाच-सहा प्रती एकदमच घ्या. बँक, विमा, पेन्शन, रेशन, सगळीकडे लागतात. दाखल्यावरचं नाव आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळतंय ना, ते तिथेच तपासा. आपल्याकडे बाप्तिस्म्याचं नाव एक आणि कागदावरचं दुसरं असं पुष्कळदा असतं, आणि विमा तिथेच अडतो.

खरी परीक्षा दीड-दोन महिन्यांनी येते. गर्दी ओसरलेली असते. संघाच्या वहीत तारखा लिहून ठेवा : गेल्याचा दिवस, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिला नाताळ. त्या दिवशी एकाने तरी घरी जावं. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणू नका, कोणी सांगत नाही. ‘शनिवारी दळण टाकायला येतो’ म्हणा आणि या.

प्रश्न : या दुःखामागे देवाचा काय हेतू आहे हे कसं ओळखायचं?

दुःख चालू असताना बहुधा ओळखता येत नाही. आणि दुसऱ्याने ते ओळखून सांगणं तर टाळावंच. आपल्याच मातीतलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. १८८०मध्ये भाऊ. १८८२मध्ये, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच पती गेले. पदरात तान्ही मुलगी मनोरमा. त्या वेळी कोणी ‘यामागे मोठा हेतू आहे’ म्हणालं असतं तर त्यांना काय दिसलं असतं? १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायका घेऊन आल्या. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. भूक म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही. म्हणून दुष्काळ चांगला ठरत नाही. आईबाप गेले ते गेलेच. आणि दुःख तिथेही थांबलं नाही. १९२१मध्ये मनोरमा गेली. पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम रमाबाईंनी तरीही सोडलं नाही आणि ५ एप्रिल १९२२ला त्यांचं निधन झालं.

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या १:४मध्ये क्रम दिला आहे. आधी आपल्याला सांत्वन मिळतं, मग त्याच सांत्वनाने आपण दुसऱ्याचं करतो. पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी मारणारे लवकर थकतात. म्हणून वर्षाच्या आत कोणाला शोकगटाचं प्रमुख करू नका. मंडळीत ही चूक सर्रास होते. बिचारी विधवा नको म्हणू शकत नाही आणि कमिटीला वाटतं, तिला बरं वाटेल.

दुसऱ्याचं सांत्वन करायची वेळ आली की सुरुवात लहान ठेवा. आठवड्यातून एक दिवस, एकच माणूस. पहिल्या पत्रातल्या ताईंना कॅन्सरच्या दवाखान्यात फाइल कोणत्या खिडकीवर द्यायची, केमोच्या दिवशी घरून काय खाऊन यायचं, जनआरोग्य योजनेच्या कागदांवर कोणाकोणाच्या सह्या लागतात, हे सगळं माहीत आहे. पहिल्यांदा आलेल्या बाईला त्यातलं काहीच माहीत नसतं. ती सकाळी सातपासून चुकीच्या रांगेत उभी असते.