मिस्ट: 'तुषार' कोणाचा, 'फवारणी' कशाची?

इंदूरच्या एका रोपवाटिकावाल्यांचा प्रश्न आहे. कलमांना मुळे फुटावीत म्हणून त्यांनी स्वयंचलित मिस्टची, म्हणजे पानांवर अतिसूक्ष्म थेंब सोडणारी, व्यवस्था बसवली आहे. दारावर मराठी पाटी हवी आहे. 'तुषारगृह' लिहिले, तर तिथले मजूर विचारतात, "पाल्याचे घर कशाला?" (हिंदीत 'पाला' म्हणजे पिके जाळणारे हिम.) मग 'फवारणी कक्ष' लिहावे का?

नाही. 'फवारणी' तर मुळीच नको. सूचनाफलकांवर 'दर दहा मिनिटांनी फवारणी' हे शब्द वारंवार दिसतात आणि दर वेळी चीड येते, कारण त्या एका शब्दापायी छाटा, म्हणजे मुळे फुटण्यासाठी लावलेले फांदीचे तुकडे, सडतात. फवारणी औषधाची असते. पाठीवर पंप घेऊन, पान निथळेपर्यंत. 'फवारा' अरबीतला 'फव्वारा', धातूचा अर्थ उकळणे, उसळणे. 'फौरन' हा त्याचाच भाऊ. जोर आणि उसळी त्या शब्दाच्या रक्तातच आहे. मिस्टमध्ये नेमके उलटे हवे: पानावर पाण्याचा पातळ पापुद्रा बसावा आणि खाली एक थेंबही ओघळू नये.

तुम्ही ज्यांना कलमे म्हणता त्या छाटा. हिंदीत 'गुलाब की कलम' म्हणजे छाटच, पण मराठीत कलम म्हटले की आंब्याचे, दोन झाडे बांधलेले. पुस्तकांनी 'छाट कलम' असा जोडशब्द चालवला आहे, तो चालू द्या. 'कलम लावली' मात्र म्हणू नका. झाडाचे कलम मराठीत नपुंसकलिंगी आहे.

आता तुषार. मजुरांना हसू नका, ते अमरकोशाच्या, म्हणजे अमरसिंहाच्या जुन्या संस्कृत शब्दकोशाच्या, बाजूने बोलत आहेत. 'अवश्यायस्तु नीहारस्तुषारस्तुहिनं हिमम्, प्रालेयं मिहिका च' अशी सात नावे अमराने एका माळेत ओवली आहेत आणि त्यात तुषार हिमाच्याच रांगेत बसला आहे. माळव्यात थंडीत हरभरा, बटाटा जळतो तो तुषार हाच. (त्याच माळेतला पहिला मणी, अवश्याय, झिजून हिंदीत 'ओस' झाला.) मराठीतला कारंज्याचा तुषारही उपरा नाही. रघुवंशाच्या दुसऱ्या सर्गात वारा येतो तो 'पृक्तस्तुषारैर्गिरिनिर्झराणाम्', डोंगरझऱ्यांच्या तुषारांनी भिजलेला. म्हणजे पुण्याचा तुषार कालिदासाचा, इंदूरचा अमराचा. दोन्ही खरे, पण इंदुरात पाटी इंदूरच्या माणसाने वाचायची आहे. शिवाय 'तुषार सिंचन' हे नाव शेतीत स्प्रिंकलरला कधीच देऊन झाले आहे. सिंचनाचे पाणी मातीसाठी असते, मिस्टचे पानासाठी.

पण त्या माळेतला शेवटचा मणी पाहा: मिहिका. खरी गंमत इथे आहे. इंग्रजी 'मिस्ट' आणि संस्कृत 'मिह्', 'मिहिका', 'मेघ' ही एकाच घरची माणसे. ग्रीक 'ओमिख्ले' म्हणजे धुके, लिथुआनियन 'मिग्ला' म्हणजे धुके, फारसी 'मेग' म्हणजे ढग. गुजराती आणि राजस्थानी माणूस पावसाला 'मेह' म्हणतो, तोही मेघाचाच लेक. 'मिस्ट हा परका शब्द, त्याला हाकला' म्हणणाऱ्यांनी आधी मेघाला हाकलून दाखवावे.

आणि धातुपाठ, म्हणजे संस्कृत धातूंची जुनी यादी, काय सांगतो? 'मिह सेचने'. तुलनात्मक भाषाशास्त्राचे अभ्यासक इथे हरकत घेतात: हे दोन वेगळे धातू आहेत, एक धुक्याचा आणि एक मूत्राचा (प्रमेह, मधुमेह त्यातले), कारण अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथाच्या भाषेत, ढगाला 'मएग' आणि मूत्रविसर्जनाला 'मएझति' असे ध्वनी वेगळे राहिले आहेत. जर्मनमध्ये 'मिस्ट' म्हणजे शेणखत, तेही या दुसऱ्या घरातले. पुरावा मान्य. पण त्यावरून आपल्या वैयाकरणांनी दोन धातूंची गल्लत केली असे जे ठासून सांगतात, ते मला अजिबात पटत नाही. संस्कृत बोलणाऱ्याच्या कानाला दोन्ही 'मिह्' एकच होते आणि त्याने दोन्हींत एकच क्रिया पाहिली: थोडे थोडे शिंपणे. माझ्या मते त्या क्रियेचे 'सेचन' इतके नेमके वर्णन दुसऱ्या कुठल्या कोशात नाही. मिस्ट यंत्रणा तेवढेच करते.

ती कशी करते, ते शब्दाइतकेच नेमके असावे लागते. छाटेला मूळ नसते, पान मात्र पाणी उडवत राहते. पानावर पाण्याचा पापुद्रा असला की पान गार राहते, उडणारे पाणी घटते आणि छाट उजेडात अन्न बनवत तग धरते. मिस्टचा थेंब साधारण 50 ते 100 मायक्रॉनचा, तो पानावर येऊन बसतो. 20 मायक्रॉनच्या आसपासचा थेंब हवेत तरंगतो. ते फॉग, त्याला 70 बारच्या घरातला दाब लागतो आणि 'धुके' हा शब्द त्याच्यासाठी राखून ठेवा. मिस्टच्या नोझलला 3 ते 4 बार पुरतात. नोझलमागे गळतीरोधक झडप हवीच, नाहीतर पंप थांबल्यावर नळीतले उरलेले पाणी ठिपकत राहते आणि नेमकी नोझलखालची रांग काळी पडते.

मे महिन्याच्या दुपारी 5 ते 6 सेकंदांची खेप दर 5 मिनिटांनी, अशी सुरुवात करा. पावसाळी हवेत 20 ते 30 मिनिटांनी, रात्री बंद. पान पुरते कोरडे पडायच्या आत पुढची खेप यावी, हे खरे माप. म्हणूनच टायमरपेक्षा 'कृत्रिम पान' सरस: दोन इलेक्ट्रोडमधला पाण्याचा पापुद्रा वाळला की विजेचे मंडल तुटते आणि व्हॉल्व्ह उघडतो. वीज गेली की उन्हात काही मिनिटांत छाटा माना टाकतात. छतावरच्या टाकीवर भिस्त ठेवू नका, 5 मीटर उंची म्हणजे जेमतेम अर्धा बार. त्यात मिस्ट होत नाही, थेंब गळतात. पंपाला इन्व्हर्टर जोडा.

छाट 10 ते 15 सेंटीमीटरची, खालची पाने काढलेली. बोगनवेलीच्या अर्धपक्व छाटेला आयबीए (मुळे फुटवणारे संप्रेरक) 2000 पीपीएम, म्हणजे 100 मिलीत 200 मिलिग्रॅम, आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून. बुडवणे 5 सेकंद. माध्यम कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (हलके खनिज दाणे) किंवा जाड वाळू. ज्या गावाच्या नावाने कंपोस्टची 'इंदूर पद्धत' जगभर ओळखली जाते तिथेच हे सांगावे लागते: या ट्रेमध्ये कंपोस्ट नको. ते पाणी धरून ठेवते आणि बुडखा कुजतो. बोअरचे जड पाणी असेल तर पानांवर पांढरे डाग आणि नोझलमध्ये चुना साठतो. नोझल व्हिनेगरमध्ये भिजवून साफ करा, आधी बारीक गाळणी लावा. मुळे दिसली की खेपांमधले अंतर हप्त्याभरात हळूहळू वाढवत न्या. एकदम बंद केले तर नवी पाने करपतात.

पाटीवर 'मिस्टगृह' लिहा, हौस असेल तर 'मिहिकागृह'. आतल्या सूचनेतून फवारणी पुसा आणि लिहा: 'खेप 5 सेकंद, पान ओले, ट्रे निथळता कामा नये.' हिंदीतही 'तुषार' नको, 'मिस्ट'च ठेवा.