फायलींची रांग लावण्यापूर्वी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गल्पसारख्या जावास्क्रिप्ट लायब्ररीने शेकडो फायलींवर एका दमात प्रक्रिया करताना होणारा तोच तो घोटाळा इंदूरच्या वाचकांच्या पत्रांतून वारंवार समोर येत असल्याने, निवडक प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: ग्रंट (गल्पसारखेच दुसरे साधन) शिकावे की गल्प? (विद्यार्थी, भंवरकुआँ)

उत्तर: नवे काम असेल तर गल्प, कार्यालयात ग्रंट आधीच चालू असेल, तर ते सांभाळणाऱ्याला विचारल्याशिवाय बदलू नये.

प्रश्न: गल्पमध्ये काम पूर्ण होते, तरी ते संपल्याचे कळवायला विसरलात का, असा संदेश येतो.

उत्तर: टास्कच्या (नेमून दिलेल्या कामाच्या) फंक्शनमधून स्ट्रीम, म्हणजे फायलींचा वाहता प्रवाह, रिटर्न करा; त्यावरून काम संपल्याचे गल्पला कळते.

प्रश्न: राजवाड्याजवळ आमचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या फोटोंना क्रमांकाची नावे देण्यासाठी गल्प ५ वापरले. आता नव्या नावाचा एकही फोटो उघडत नाही. ओळखीचे म्हणतात डिस्क गेली. दुरुस्तीवाला १५,००० रुपये मागतो.

उत्तर: तूर्त एक रुपयाही देऊ नका. केवळ या लक्षणावरून डिस्क गेली असे कोणी म्हणत असेल, तर तो ऐकीव माहितीवर बोलतो आहे किंवा तुमच्या घाबरण्याचा फायदा घेतो आहे. २०२४ मध्ये आलेल्या गल्प ५ मध्ये, तुम्ही वेगळे सांगितले नाही तर वाचलेली प्रत्येक फाईल यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत साठवण्याची पद्धत) मधला मजकूर आहे असेच गृहीत धरले जाते. जेपेग फोटोची सुरुवात एफएफ आणि डी८ या बाइटांनी होते, आणि एफएफ हा बाइट यूटीएफ-८ मध्ये कधीच येत नाही; त्यामुळे असा प्रत्येक अवैध बाइट काढून त्याच्या जागी ईएफ, बीएफ, बीडी हे तीन बाइट लिहिले जातात. बिघडलेला फोटो हेक्स एडिटरमध्ये (फाईलचे बाइट दाखवणाऱ्या साधनात) उघडून पाहा, हीच तिकडी ओळीमागून ओळीत दिसेल, आणि फाईलचा आकारही मूळ फोटोपेक्षा वाढलेला असेल. मूळ बाइट कोणता होता याची खूण मागे राहत नसल्याने त्या प्रतीतून फोटो परत मिळत नाही. उपाय एका ओळीचा आहे: सोर्स वाचणाऱ्या सूचनेत ‘एनकोडिंग’ला ‘फॉल्स’ द्या, आणि फोटोंची पाइपलाइन (प्रक्रियेची साखळी) मजकुराच्या पाइपलाइनपासून वेगळी ठेवा.

माझी खरी काळजी मात्र पुढची आहे. निकाल वेगळ्या फोल्डरमध्ये लिहिला असेल, तर मूळ फोटो शाबूत आहेत. त्याच फोल्डरमध्ये लिहून जुनी नावे पुसली असतील, तर त्या डिस्कवर आणि कॅमेऱ्याच्या कार्डावर आता काहीही नवे लिहू नका. दोन्ही बाजूला काढून आजच जाणकाराला दाखवा. घटना दोन आठवड्यांपूर्वीची असल्याचे आपण लिहिता, आणि तेच कार्ड मधल्या काळात दुसऱ्या समारंभात वापरल्याचेही लिहिता; हा उशीर बिघाडापेक्षा महाग पडू शकतो. लोकांच्या लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. यापुढे मूळ फाईलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवल्याशिवाय, आणि दहा फाईलींवर चाचणी करून त्या डोळ्यांनी उघडून पाहिल्याशिवाय, पूर्ण संचाला हात लावू नये.

प्रश्न: संस्थेच्या स्मरणिकांचा मराठी मजकूर नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या) स्ट्रीममधून काढताना अधूनमधून एखादे अक्षर जाऊन चौकोनी प्रश्नचिन्हे येतात. फाँट बदलायला सांगतात. (रामबाग)

उत्तर: फाँटचा यात काही दोष नाही. देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते, तर फाईल ६५,५३६ बाइटांच्या तुकड्यांनी वाचली जाते. तुकडा चिन्हाच्या मधोमध तुटला आणि तुम्ही प्रत्येक तुकड्याचे स्वतंत्रपणे अक्षरांत रूपांतर केले, की ते चिन्ह दोन्हीकडून जाते. स्ट्रीमलाच ‘सेटएनकोडिंग’ने यूटीएफ-८ सांगा, म्हणजे अर्धवट बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवले जातील. स्मरणिका युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेल्या असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा नमुन्याचे एक पान लिपी-रूपांतर जाणणाऱ्याला आधी दाखवा.

प्रश्न: ‘प्रॉमिस ऑल’ने (अनेक कामे संपण्याची एकत्र वाट पाहणाऱ्या जावास्क्रिप्ट सूचनेने) ६,००० फाईली एकदम उघडल्या, तर फार फाईली उघड्या असल्याची त्रुटी आली. दुकानदार रॅम वाढवा म्हणतो.

उत्तर: रॅम घेऊ नका, एका वेळी वीसच फाईली उघडा, आणि तरीही त्रुटी राहिली तर सर्व्हर सांभाळणाऱ्याला उघड्या फाईलींची मर्यादा तपासायला सांगा.