सासरचं आडनाव ग्रीनवुड, मूळ घराणं क्यूबेकचं म्हणतात. फ्रेंच काळातले पूर्वज कसे शोधू?

लग्नाच्या नोंदींपासून सुरुवात करा. क्यूबेकच्या कॅथलिक चर्चच्या वह्यांत लग्नाच्या वेळी वधू-वर दोघांच्याही आईवडिलांची नावं सहसा लिहिलेली असतात, आणि बाईचं माहेरचं आडनाव शेवटपर्यंत तेच राहतं. त्यामुळे एकेका लग्नावरून मागची पिढी हाती लागते, नशीब असेल तर थेट सतराव्या शतकापर्यंत. इतकी सलग कागदपत्रं फार थोड्या समाजांकडे आहेत.

ग्रीनवुड हे बहुधा मूळचं 'ब्वाव्हेर' असावं; फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'हिरवं रान'. क्यूबेकहून अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत गेलेल्या अनेकांनी आडनावाचं इंग्रजी रूप घेतलं; रुआचे किंग झाले, लब्लांचे व्हाइट.

खरी गुंतागुंत 'दित' नावांची. 'युदों दित बोल्यो' म्हणजे बोल्यो म्हणून ओळखले जाणारे युदों. सैनिकांना पलटणीत अशी टोपणनावं मिळत. पुढे एक भाऊ युदों लावी, दुसरा बोल्यो. म्हणून दोन्ही नावांनी शोधाच.

माँट्रियल विद्यापीठाचा पीआरडीएच हा जुन्या क्यूबेकच्या चर्च-नोंदींचा डेटाबेस आणि त्या वह्यांच्या छायाप्रतींचा द्रूआँ संग्रह यांवर माझा भर असतो. एकोणिसाव्या शतकातले धर्मगुरू तांग्वे यांचा सात खंडी वंशावळ कोश वाटाड्या म्हणून उत्तम, पण त्यात चुका आहेत. चर्चच्या वहीचं मूळ पान पाहिल्याशिवाय नाव वंशावळीत घालू नका.