पॅरासिटामॉल ‘लागू’ पडत नाही तेव्हा

“मॅडम, पॅरासिटामॉलनं ताप जातच नाही न. थोडी स्ट्राँगवाली दवाई सांगा.”

पोळा, मारबत आटोपली की नागपुरातल्या आमच्या बालरोग ओपीडीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. या वेळची आई मानेवाड्याची. मुलगा तीन वर्षांचा, वजन 12 किलो, तापाचा दुसरा दिवस. सोबत आजी.

मी बाटली बघायला मागितली. 5 मिलीला 120 मिलिग्रॅम. किती देता? “अडीच मिली. साडेतीन महिन्यांच्या लसीच्या वेळी तेवढंच सांगितलं होतं.” म्हणजे 60 मिलिग्रॅम! पॅरासिटामॉल किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम लागतं. या पोराला किमान 120 हवं. औषध बिचारं उगाच बदनाम झालं होतं. डॉक्टरांनी 6 मिली लिहून दिलं. दोन डोसांत निदान चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसभरात चारच्या वर नाही.

पिशवीत आणखी एक बाटली निघाली, मेडिकलवाल्यानं ‘पटकन उतरते’ म्हणून दिलेली. मागची बारीक अक्षरं ताईंनाच वाचायला लावली: आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. आता पहिल्या बाटलीचा डोस बरोबर झाल्यावर हीसुद्धा चालू राहिली असती, तर पॅरासिटामॉल दुप्पट होऊन लिव्हरवर बेतलं असतं.

आयबुप्रोफेन वाईट नाही. त्याचा असर सहा ते आठ तास राहतो, ताप थोडा जास्तही उतरतो. पण सहा महिन्यांखालच्या बाळाला ते देत नाहीत. उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झालेल्या मुलात किडनीला त्रास होऊ शकतो. आणि डेंग्यूची शंका असेल तर त्यानं रक्तस्राव वाढायची भीती. पावसाळ्याच्या शेवटी आपल्याकडे ती शंका कायमच असते. मेफेनॅमिक ॲसिड त्याच कुळातलं. ॲस्पिरिन मुलांच्या तापात नकोच. निमेसुलाइडला तर 12 वर्षांखाली 2011 पासून बंदी आहे.

आजींची काळजी वेगळीच. “ताप डोक्यात गेला तं झटका येईन न?” त्यांना सांगितलं, आजी, तापाचं कोणतंच औषध झटका टाळत नाही, ते पोराला बरं वाटावं म्हणून द्यायचं. 101 ताप असून खेळत असेल तर खेळू द्या, झोपेतून उठवून पाजू नका.

रक्त तपासायला पाठवताना ताईंना एवढं बजावलं: डेंग्यू निघाला तर ताप उतरतानाचे एक-दोन दिवस जास्त जपायचे. पोट दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, लघवी कमी झाली किंवा पोरगा सुस्त पडला, तर थर्मामीटर नॉर्मल दाखवत असला तरी तडक दवाखान्यात आणायचं.