जुने प्रोग्रेसिव्ह रॉक अल्बम सराउंड साउंडमध्ये ऐकण्यात खरंच काही अर्थ आहे का?

तुम्ही विचारलंय की, यस, किंग क्रिमसन, पिंक फ्लॉइड वगैरे मंडळी तुम्ही वर्षानुवर्षं स्टिरिओवर ऐकत आला आहात, घरी सिनेमासाठी घेतलेलं ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) होम थिएटर आहे, आणि आता हेच अल्बम सराउंडमध्ये, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येईल असे, नव्याने मिक्स होऊन (सुट्या आवाजांची पुन्हा जुळणी होऊन) महागड्या बॉक्समधून विकले जातायत. त्यावर पैसे घालावेत, की ही तीच वस्तू पुन्हा गळ्यात मारायची युक्ती आहे?

घालावेत, पण सरसकट नाही. आणि ज्या कारणासाठी बहुतेक लोक घेतात त्यासाठी तर मुळीच नको.

ते कारण म्हणजे गिटार डोक्याभोवती गरागरा फिरते, ड्रम मागून येतात, पाहुण्यांना ऐकवता येतं. ही गंमत एक-दोन संध्याकाळी टिकते. या रिमिक्समधून खरं जे मिळतं ते म्हणजे जागा. सत्तरच्या दशकातल्या या बँडमध्ये माणसं चार-पाच असायची आणि वाजवायची मात्र दहा जणांचं. हॅमंड ऑर्गन, मेलोट्रॉन (टेपवरचे आवाज वाजवणारा कीबोर्ड), मूग सिंथेसायझर, गिटारचे दोन-तीन थर, तीन गळे, मधूनच बासरी नाहीतर व्हायोलिन. हे सगळं दोन स्पीकरमधून बाहेर काढायचं म्हणजे कुणाचा तरी आवाज कमी करावा लागतो, कुणाचा तरी खालचा सूर कापावा लागतो. साधारण एकाच पट्टीतले दोन आवाज एकाच दिशेने आले की मोठा आवाज लहानाला झाकतो. तेच वेगवेगळ्या दिशांनी आले की कान त्यांना आपोआप सुटे करतो. पाच स्पीकर मिळाले की कुणालाच दाबावं लागत नाही. म्हणून अल्बम निवडताना तो किती गाजलाय ते पाहू नका, तो आतून किती गजबजलेला आहे ते पाहा.

या कसोटीवर माझा पहिला क्रमांक जेंटल जायंटला. हे नाव तुमच्या प्रश्नात नाही, आणि स्टिरिओवर ऐकून लोक त्यांना सोडून देतात यात नवल नाही. 'द पॉवर अँड द ग्लोरी' हा त्यांचा १९७४ चा अल्बम. स्टीव्हन विल्सनने केलेला रिमिक्स २०१४ मध्ये आला. त्यातलं 'सो सिन्सिअर' ऐका. एक वाद्य एखाद-दुसरा स्वर टाकून गप्प बसतं, पुढचा स्वर भलतंच वाद्य उचलतं, तोपर्यंत गाणाऱ्याने शब्द अर्ध्यात तोडलेला असतो. दोन स्पीकरवर हे ऐकताना मला कायम वाटायचं की मुद्दाम अवघड करून ठेवलंय. सराउंडमध्ये स्वर कुणी टाकला आणि कुणी झेलला हे जागेवरून कळतं, आणि एकदा ते कळलं की गाण्याची चाल डोक्यात बसते. अवघड ते अजूनही आहेच, पण निदान कोड्याचे तुकडे टेबलावर दिसतात.

आता विल्सनबद्दल, कारण या प्रकारात वळून वळून त्याचंच नाव येतं. पॉर्क्युपाइन ट्री या बँडचा हा माणूस. २००९ पासून किंग क्रिमसनचे अल्बम त्या बँडचा म्होरक्या, गिटारवादक रॉबर्ट फ्रिप याच्या संमतीने नव्याने मिक्स करायला लागला, मग जेथ्रो टल, कॅराव्हॅन, एमर्सन लेक अँड पामर, यस अशी रांगच लागली. त्याची पद्धत मला आवडते. मूळ मल्टिट्रॅक टेप (ज्यांवर प्रत्येक आवाज वेगळ्या पट्टीवर असतो) आधी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाला, डिजिटल करून घ्यायच्या, मग जुना स्टिरिओ मिक्स शेजारी लावून तो जसाच्या तसा पुन्हा उभा करायचा: कोणता आवाज डावीकडे, कुठे किती प्रतिध्वनी, कुठे काय हळूच विरतं. ते जमल्यावरच सराउंडकडे वळायचं. त्यामुळे त्याच्या मिक्समध्ये 'हे काय भलतंच' असं क्वचित वाटतं.

टेपचा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा, कारण निम्मा फायदा तिथेच आहे. किंग क्रिमसनचा पहिला अल्बम १९६९ साली आठ ट्रॅकच्या यंत्रावर झाला. आठ ट्रॅक भरले की ते एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुढचं वाजवायचं, असा तेव्हाचा रिवाज. प्रत्येक उतरवणीत आवाज थोडा मळतो, शिवाय एकत्र झालेलं पुन्हा सुटं करता येत नाही. उतरवणीच्या आधीच्या टेप हाती आल्या तर संगणकावर त्या एकमेकींशी जुळवून सगळे आवाज पुन्हा सुटे आणि ताजे मिळतात. त्या अल्बमच्या बाबतीत असंच झालं. सगळीकडे असं नशीब नसतं. काही बँडच्या टेप हरवल्या आहेत. जेंटल जायंटच्या पहिल्या तीन अल्बममधली ज्यांच्या टेप मिळाल्या तेवढीच गाणी घेऊन 'थ्री पीस स्वीट' नावाचा संग्रह काढावा लागला. कधी एखादा आवाज मूळ मिक्सच्या दिवशीच थेट जोडलेला असतो, मल्टिट्रॅकवर नसतोच. तो रिमिक्समध्ये गायब झाला की जुने श्रोते खवळतात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पन्नास वर्षं कानात बसलेला आवाज अचानक नसला की खटकणारच.

रिमिक्सने मूळ अल्बमची अब्रू वाचवली अशी दोन उदाहरणं माझ्या मते आहेत. एक 'ॲक्वालंग'. १९७०-७१ च्या हिवाळ्यात जेथ्रो टलने तो लंडनच्या बेसिंग स्ट्रीटवरच्या नव्याकोऱ्या आयलंड स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. जुन्या चर्चचा स्टुडिओ केलेला, त्यातली मोठी खोली यांच्या वाट्याला आली आणि लहान खोलीत लेड झेपेलिन. मोठ्या खोलीबद्दल जेथ्रो टलचा गायक इयन अँडरसनने पुढे बरीच कुरकुर केली आहे, आणि मूळ रेकॉर्ड ऐकली की ती पटते: सगळ्यावर घोंगडी टाकल्यासारखा आवाज. २०११ च्या रिमिक्सने ती घोंगडी काढली. इथे सराउंड जाऊ द्या, नुसता नवा स्टिरिओ मिक्स ऐकला तरी जुन्याकडे परत जावंसं वाटत नाही.

दुसरं 'लिझर्ड', किंग क्रिमसन, १९७०. कीथ टिपेटचा पियानो, कॉर्नेट, ट्रॉम्बोन, ओबो, सॅक्सोफोन, आणि शीर्षकगीताच्या सुरुवातीला गायला चक्क यसचा जॉन अँडरसन. इतकी माणसं कोंबल्यावर काय होणार? कित्येक वर्षं खुद्द फ्रिपला हा अल्बम आवडत नव्हता; विल्सनचा रिमिक्स ऐकल्यावर त्याचं मत बदललं. सराउंडमध्ये ती फुंकवाद्यं एकमेकांच्या अंगावर न पडता खोलीभर पसरून बसतात आणि ऐकणारा त्यांच्या मधोमध. क्रिमसनच्या सगळ्या अल्बममध्ये मला सर्वात जास्त फरक इथेच जाणवला.

यसकडे येतो. 'क्लोज टू द एज' (१९७२, रिमिक्स २०१३) तुम्ही पाठ असल्यासारखा ऐकला असणार, म्हणून एकच जागा सांगतो. मधला संथ भाग, 'आय गेट अप, आय गेट डाउन'. जॉन अँडरसन एक ओळ गातोय आणि त्याच वेळी ख्रिस स्क्वायर, स्टीव्ह हाऊ वेगळ्याच शब्दांची वेगळी ओळ गातायत. स्टिरिओत दुसरी ओळ ही पहिलीची सावली वाटते. इथे दोन्ही ओळी समोरासमोर उभ्या राहतात आणि कोणती ऐकायची हे आपण ठरवू शकतो. मग रिक वेकमनचा पाइप ऑर्गन सुरू होतो, जो लंडनमधल्या सेंट जाइल्स क्रिपलगेट या खऱ्या चर्चमध्ये जाऊन वाजवलेला आहे. त्या क्षणी खोलीच्या भिंती जरा मागे सरकतात असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती समजा, पण करून बघा.

'रिलेयर' (१९७४) मात्र मी त्याहून वर ठेवतो. 'द गेट्स ऑफ डिलिरियम'मधल्या लढाईच्या भागात ॲलन व्हाइट गाड्यांचे भंगार सुटे भाग बडवतोय, पॅट्रिक मोराझचे सिंथेसायझर किंचाळतायत, स्टीव्ह हाऊ वेगळ्याच आघाडीवर. स्टिरिओवर पाच मिनिटांत कान दुखायला लागतात. हाच गोंधळ चारी बाजूंना वाटला गेला की तो आकार असलेला गोंधळ होतो, आणि लढाईनंतरचं 'सून' हे शांत गाणं मग खरंच सुटका वाटतं.

पिंक फ्लॉइडचं गणित निराळं. त्यांच्याकडे गर्दी नाहीच. त्यांचं संगीत मुळातच जागा धरून बसलेलं. मे १९६७ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये त्यांनी दांडा फिरवून आवाज सभागृहभर फिरवणारं यंत्र वापरलं होतं, त्यामुळे सराउंड त्यांना कुणी मागाहून चिकटवलेलं नाही. 'द डार्क साइड ऑफ द मून'मधली 'टाइम'ची घड्याळं अल्बमचा ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात एकेक करून टिपली होती, तीही चार स्पीकरच्या क्वाड्राफोनिक पद्धतीच्या प्रात्यक्षिकासाठी. ॲटमॉस येण्याआधीचे या अल्बमचे दोन सराउंड मिक्स मिळतात: पार्सन्सचा १९७३ चा क्वाड आणि ध्वनितंत्रज्ञ जेम्स गथ्रीचा २००३ चा ५.१. गथ्रीचा नीटनेटका, पार्सन्सचा जरा बेधडक. मला पार्सन्सचा आवडतो. तो त्या काळी फारसा कुणी धड ऐकलाच नाही, कारण चार वाहिन्या एलपीच्या एका खाचेत कोंबायच्या एसक्यू, क्यूएस, सीडी-४ अशा एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धती बाजारात होत्या आणि त्या भांडणात क्वाड बुडालं. २०११ च्या 'इमर्शन' बॉक्समध्ये तो स्वच्छ स्वरूपात आला.

न घेण्यासारखाही एक सांगतो: 'रेड'. क्रिमसनचा अल्बम म्हणून माझा सर्वात लाडका. पण त्याची ताकद ही तिघांनी मिळून समोरून मारलेल्या धडकेत आहे. ती पाच दिशांना वाटली की धार जाते. 'स्टारलेस'मध्ये फ्रिप एकच स्वर छेडत बसतो आणि ताण वाढत जातो तो भाग सराउंडमध्ये सुरेख लागतो, एवढं मान्य. बाकी स्टिरिओच.

आता तुमच्या होम थिएटरकडे. सिनेमात मागच्या स्पीकरला पाऊस आणि हेलिकॉप्टर एवढंच काम असतं. इथे अख्खा ऑर्गन किंवा दुसरी गिटार तिथून येते. तळहाताएवढे मागचे स्पीकर असतील तर रिसिव्हरमध्ये (सगळे स्पीकर जोडतो त्या ॲम्प्लिफायरमध्ये) ते 'स्मॉल' ठेवून ८० हर्ट्झच्या खालचं सबवूफरकडे पाठवा (फारच चिमुकले असतील तर १२०), आणि टेस्ट टोन लावून पाचही स्पीकरची पातळी सारखी करा. आपल्याकडे सोफा भिंतीला टेकलेला असतो आणि मागचे स्पीकर डोक्यावर, छताजवळ ठोकलेले. आंतरराष्ट्रीय शिफारस समोरच्या मध्यापासून १०० ते १२० अंश अशी आहे, म्हणजे जवळजवळ बाजूलाच, किंचित मागे, साधारण कानाच्या उंचीवर. म्हणून स्टँडवर सोफ्याच्या दोन्ही बाजूंना ठेवलेत तरी चालतं, फक्त सोफा फूट-दीड फूट पुढे ओढा. मधला स्पीकर टीव्हीच्या कपाटात कोंडलेला असेल तर तो बाहेर काढा, नाहीतर गाणारा डब्यात बसून गातो. रिसिव्हरचे 'हॉल', 'स्टेडियम', 'नाइट' असले सगळे मोड बंद. जोडणी एचडीएमआयने करा. ऑप्टिकल केबलमधून साधं डीटीएस किंवा डॉल्बी डिजिटल जाईल, ब्लू-रेवरचा पूर्ण दर्जाचा पाच वाहिन्यांचा आवाज जाणार नाही. ब्लू-रे प्लेअर नसेल तरी अडत नाही: जुन्या डीव्हीडी-ऑडिओ आवृत्त्यांवर बहुधा डीटीएस ट्रॅकही असतो आणि तो साध्या डीव्हीडी प्लेअरवर वाजतो.

हेडफोनवरच्या ॲटमॉसबद्दल (डॉल्बीची, वरूनही आवाज देणारी नवी सराउंड पद्धत) तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी खाली विचारेलच. ॲपल म्युझिकवर २०२१ पासून ते मिळतं, 'डार्क साइड'चाही ॲटमॉस मिक्स २०२३ मध्ये आला. हेडफोनवर मला ते पटत नाही. आवाज डोक्याबाहेर जातो, पण समोर येऊन उभा राहत नाही. स्पीकरवर मात्र ऐकण्यासारखं आहे. ॲटमॉस समजणारा रिसिव्हर असेल आणि ॲपल टीव्हीचा डबा कुणाकडून उसना मिळाला तर महिनाभराचं सदस्यत्व घेऊन बघा, डिस्कपेक्षा दर्जा कमी असला तरी आपल्याला हा प्रकार रुचतो की नाही ते कळेल. रुचला तर आधी 'द पॉवर अँड द ग्लोरी', मग 'लिझर्ड', मग 'रिलेयर'. सीडीसोबत एक डीव्हीडी किंवा ब्लू-रे असलेली छोटी आवृत्ती शोधा. बॉक्समधली पोस्टरं, तिकिटांच्या नकला आणि जाडजूड पुस्तकं यांचेच पैसे जास्त असतात, आणि बाहेरून मागवलं तर त्या वजनावर टपालखर्च आणि कस्टम्सही तुम्हीच भरणार.