सेंटॉस ७ च्या जुन्या इमेजमधून बूट फाइली काढणे आणि त्यांतली योग्य जोडी निवडणे

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. वडोदऱ्यातल्या आपल्या कार्यालयाचा ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचे आभासी मशीन चालवणारे सॉफ्टवेअर) सर्व्हर बंद पडला आहे, त्यावरच्या सेंटॉस ७ या लिनक्सच्या व्हीएमची, म्हणजे आभासी मशीनची, ४० जीबीची व्हीएमडीके इमेज (त्याच्या डिस्कची फाइल) बाहेरच्या डिस्कवर उरली आहे, हाताशी उबंटू २२.०४ चे एक मशीन आहे, आणि तिथे ग्रब (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) पुढे सरकत नसल्यामुळे इमेजमधून कर्नल (सिस्टिमचा गाभा) व इनिटरॅमएफएस (सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांचा संग्रह) बाहेर काढून ते क्यूईएमयू या आभासी मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमला थेट द्यावेत, असा आपला विचार आहे. शिवाय आपल्या दोन शंका आहेत. एक व्हीएमडीके फाइल जेमतेम अर्ध्या केबीची आहे, म्हणून ती खराब झाली असावी. आणि सहकाऱ्याने पूर्वी काढून ठेवलेल्या इनिटरॅमएफएसमध्ये सीपीआयओ या संग्रह उघडणाऱ्या कमांडने तीन-चारच नोंदी दिसतात, म्हणून तीही अर्धवट असावी.

मार्ग योग्य आहे आणि दोन्ही शंका मनातून काढून टाकाव्यात. मात्र एक गोष्ट आधीच सांगतो: फाइली बाहेर काढणे हे यातले सोपे काम आहे. बूट विभागात कर्नल आणि इनिटरॅमएफएसच्या तीन-चार जोड्या असतील, आणि नव्या मशीनवर त्यांतली कोणती चालेल हे ओळखण्यातच बहुतेकांचा दिवस जातो.

प्रथम त्या छोट्या फाइलीविषयी. ईएसएक्सआय प्रत्येक डिस्कसाठी दोन फाइली ठेवते. नावात ‘फ्लॅट’ असलेली मोठी फाइल म्हणजे प्रत्यक्ष डेटा, आणि छोटी फाइल म्हणजे त्याचे वर्णन करणारा साधा मजकूर. ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून पाहावी. त्यात ‘आरडब्ल्यू ८३८८६०८० व्हीएमएफएस’ अशी सुरुवात असलेली आणि पुढे फ्लॅट फाइलीचे नाव असलेली ओळ सापडेल. ८३८८६०८० हे सेक्टर आहेत. त्यांना ५१२ ने गुणले की नेमके ४० जीबी येतात. याचा अर्थ फाइल निरोगी आहे. फक्त अवतरणातले नाव आणि डिस्कवरचे नाव तंतोतंत जुळले पाहिजे. नक्कल करताना कोणी नाव बदलले असेल तर क्यूईएमयू ती उघडणार नाही. याच मजकुरात खाली ‘अ‍ॅडॅप्टरटाइप’ अशी ओळ असते. डिस्क कोणत्या कंट्रोलरला जोडलेली होती ते ती सांगते, आणि तिथे बहुधा ‘एलएसआयलॉजिक’ लिहिलेले असेल. ही ओळ टिपून ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

आता मूळ इमेजला हात न लावण्याविषयी, आणि याबाबत मी आग्रही आहे. काही वर्षांपूर्वी दांडिया बाजारातल्या एका वाचनालयाची ग्रंथसूची अशाच बंद पडलेल्या व्हीएमवर अडकली होती आणि तिची दुसरी प्रत कोणाकडेच नव्हती. मी इमेजचा शा-२५६ हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ठसा) काढला, लॉसेटअपने ती लूप डिव्हाइसला (फाइल डिस्कसारखी दाखवणाऱ्या सोयीला) जोडली, ‘आरओ’ म्हणजे रीड-ओन्ली पर्याय देऊन माउंट केली, बूट फोल्डरमधल्या फाइली घेतल्या आणि अनमाउंट केले. त्यानंतर हॅश पुन्हा काढला, तर तो जुळेना. मी एक अक्षरही लिहिले नव्हते; पण मशीन अचानक बंद पडल्यामुळे एक्स्ट४ या फाइलसिस्टिमचे जर्नल (चालू बदलांची नोंदवही) अपुरे राहिले होते, आणि ‘आरओ’ माउंट करतानाही कर्नल ते जर्नल डिस्कवर पूर्ण करून टाकतो. खालचे लूप डिव्हाइस लिहिण्यास खुले होते, म्हणून त्याला ते करता आले. ग्रंथसूची सुखरूप मिळाली, परंतु इमेज दिली तशीच परत करतो आहे, असे मला त्या मंडळींना सांगता आले नाही. याची खंत मला आजही आहे. तेव्हापासून मी खालचे डिव्हाइसच रीड-ओन्ली जोडतो, जर्नलला हात लागू नये म्हणून एक्स्ट४ ला ‘नोलोड’ आणि एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिमला ‘नोरिकव्हरी’ हा पर्याय देतो, आणि बूट करून पाहण्याचे सगळे प्रयोग एका वेगळ्या थरावर करतो.

तो थर तयार करण्यासाठी क्यूईएमयू-इमेजच्या क्रिएट कमांडला क्यूकाउ२ हा फॉरमॅट, मूळ म्हणून आपली व्हीएमडीके फाइल, आणि कॅपिटल एफ या पर्यायाने मूळ फाइलीचा फॉरमॅट द्यावा. क्यूईएमयू ६.१ पासून हा शेवटचा पर्याय सक्तीचा आहे आणि आपल्या उबंटूवर ६.२ आहे, त्यामुळे तो विसरल्यास कमांड नाकारली जाईल. पुढचे सर्व लेखन या नव्या फाइलीत होते. मूळ फाइलींची लिहिण्याची परवानगी काढून टाकावी.

फाइली काढण्यासाठी माझी पहिली पसंती लिबगेस्टएफएसला आहे. हे साधन स्वतःचे छोटे व्हीएम चालवून त्याच्या आत इमेज उघडते, त्यामुळे आपल्या होस्टच्या, म्हणजे उबंटू मशीनच्या, कर्नलला अनोळखी फाइलसिस्टिम हाताळावी लागत नाही, आणि होस्टवरचे एलव्हीएम (डिस्कची जागा विभागणारी लिनक्सची व्यवस्था) व गेस्टमधले, म्हणजे इमेजमधल्या सेंटॉसचे, एलव्हीएम यांची गल्लतही होत नाही. लिबगेस्टएफएस-टूल्स हे पॅकेज बसवावे. उबंटूवर एक अडचण नेहमी येते: होस्टची व्हीएमलिनझ फाइल, म्हणजे त्याचा कर्नल, तिथे फक्त रूटला वाचता येते आणि लिबगेस्टएफएसला आपले छोटे व्हीएम उभे करण्यासाठी नेमकी तीच वाचावी लागते. म्हणून साध्या वापरकर्त्याने कमांड चालवली की ती सुपरमिनचे (ते छोटे व्हीएम बनवणाऱ्या प्रोग्रॅमचे) नाव घेऊन थांबते आणि दोष इमेजचा आहे असा समज होतो. एकतर सुडोने चालवावे, नाहीतर त्या फाइलीला ०६४४ परवानगी द्यावी. होस्टचा कर्नल अद्ययावत झाला की ती पुन्हा द्यावी लागते.

व्हर्ट-गेट-कर्नल ही कमांड इमेज दिल्यावर सर्वांत नवा कर्नल आणि त्याची इनिटरॅमएफएस बाहेर आणून ठेवते. सरळ प्रकरणात एवढे पुरते. आपल्या प्रकरणात सगळ्या जोड्या पाहायच्या असल्यामुळे ते पुरणार नाही, म्हणून गेस्टफिश वापरावे. त्याला ‘आरओ’, इमेजचे नाव आणि ‘आय’ हे पर्याय दिले की ते गेस्टमधली ऑपरेटिंग सिस्टिम ओळखून सगळे विभाग आपापल्या जागी जोडते. मग एलएल कमांडने बूट फोल्डर पाहावे आणि कॉपी-आउटने ते अख्खे फोल्डर बाहेर आणावे. निवडानिवड तिथे करत बसू नये; सगळे मिळून काहीशे एमबी होते.

लिबगेस्टएफएस चालतच नसेल तर इमेज होस्टला डिस्कसारखी जोडणारे क्यूईएमयू-एनबीडी आहे. एनबीडी मॉड्यूल ‘मॅक्स_पार्ट’ आठ ठेवून लोड करावे आणि इमेज रीड-ओन्ली जोडावी. सेंटॉस ७ च्या नेहमीच्या मांडणीत बूट हा एक जीबीचा स्वतंत्र एक्सएफएस विभाग असतो आणि तो एलव्हीएमच्या बाहेर असतो. बायोसच्या (जुन्या पद्धतीने सुरू होणाऱ्या) मशीनवर तो पहिला, यूईएफआयच्या (नव्या पद्धतीच्या) मशीनवर दुसरा. म्हणजे केवळ बूट फाइलींसाठी एलव्हीएमला स्पर्श करण्याचे कारणच नाही. तरी होस्टने गेस्टचा व्हॉल्यूम ग्रुप (एलव्हीएमचा डिस्कसमूह) आपणहून चालू केला असू शकतो, म्हणून डिव्हाइस सोडण्यापूर्वी एलव्हीएस कमांडने पाहावे आणि तसे झाले असल्यास तो ग्रुप आधी बंद करावा.

आता बाहेर आलेल्या फाइली पाहू. ३.१०.०-११६० असा क्रमांक असलेले एक किंवा अधिक कर्नल, त्यांच्या त्यांच्या इनिटरॅमएफएस, कदाचित केडंपची एक इनिटरॅमएफएस जी इथे निरुपयोगी आहे, आणि ‘०-रेस्क्यू’ नावाची एक जोडी दिसेल. सीपीआयओने तीन-चारच नोंदी दिसण्याचे कारण असे की इनिटरॅमएफएसमध्ये एकामागून एक दोन संग्रह जोडलेले असतात. पहिला लहान आणि न आवळलेला असतो, त्यात फक्त प्रोसेसरचा मायक्रोकोड असतो. खरा संग्रह त्याच्या मागे जीझिपने आवळलेला असतो. सीपीआयओ पहिला संपला की थांबते. उबंटूवरील एलएसइनिटरॅमएफएस दोन्ही संग्रह दाखवते.

त्या यादीत ‘व्हर्टआयओ_बीएलके’, म्हणजे क्यूईएमयूच्या व्हर्टआयओ या आभासी डिस्कचा ड्रायव्हर, आहे का ते शोधावे. माझा अंदाज आहे की नेहमीच्या इनिटरॅमएफएसमध्ये ते मिळणार नाही. सेंटॉस ७ मध्ये इनिटरॅमएफएस बनवणारे ड्रॅकट ज्या मशीनवर चालते त्याच मशीनला लागणारे ड्रायव्हर भरते, आणि आपले व्हीएम एलएसआयलॉजिक कंट्रोलरवर वाढलेले आहे. अशी इनिटरॅमएफएस व्हर्टआयओ डिस्कसह चालवली तर कर्नल व्यवस्थित सुरू होतो, बराच वेळ काहीच घडत नाही, मग ड्रॅकट-इनिटक्यूचा टाइमआउट येतो आणि सेंटॉस-रूट अस्तित्वात नाही असे सांगून ड्रॅकटचे शेल उघडते. डिस्क शाबूत असते. ती दिसण्यासाठी लागणारा ड्रायव्हरच जवळ नसतो.

इथे रेस्क्यूची जोडी उपयोगी पडते. ती मुद्दाम कोणत्याही मशीनसाठी बनवलेली असते आणि तिच्यात व्हर्टआयओचे ड्रायव्हर असतात. रेस्क्यू कर्नलबरोबर रेस्क्यूचीच इनिटरॅमएफएस द्यावी. एकीकडचा कर्नल आणि दुसरीकडची इनिटरॅमएफएस घेतल्यास आवृत्ती जुळत नाही आणि मॉड्यूल लोड होत नाहीत. बायोसच्या मशीनवर कर्नलला द्यायची ओळ ग्रब२ फोल्डरातल्या ग्रब.सीएफजी फाइलीत ‘लिनक्स१६’ या शब्दाने सुरू होते. तिच्यातला रूटचा उल्लेख आणि ‘आरडी.एलव्हीएम.एलव्ही’ हे भाग जसेच्या तसे घ्यावेत, ‘आरएचजीबी’ आणि ‘क्वाएट’ मात्र काढावेत, नाहीतर अडचण आल्यास पडद्यावर काहीच दिसणार नाही. डिस्क म्हणून मघाचा क्यूकाउ२ थर व्हर्टआयओने जोडावा.

रेस्क्यू कर्नल पहिल्या इन्स्टॉलेशनच्या वेळचा असल्यामुळे त्याची मॉड्यूल पुढच्या अपडेटांत डिस्कवरून गेलेली असू शकतात. तसे असेल तर लॉगिन होईल, पण नेटवर्क येणार नाही. त्याने घाबरून जाऊ नये. आत गेल्यावर ड्रॅकटला सर्वांत नव्या कर्नलची आवृत्ती स्पष्ट देऊन, ‘अ‍ॅड-ड्रायव्हर्स’ मध्ये व्हर्टआयओचे ब्लॉक, पीसीआय आणि स्कझी हे तिन्ही ड्रायव्हर लिहून, त्याची इनिटरॅमएफएस नव्याने बनवावी. मशीन बायोसचे असेल तर ग्रब२-इन्स्टॉलने त्याच डिस्कवर ग्रबही बसवावे. त्यानंतर बाहेरचा कर्नल देणे थांबवावे, कारण तो देत राहिल्यास आतले अपडेट कधी लागूच होत नाहीत आणि कालांतराने त्याची मॉड्यूल डिस्कवरून नाहीशी होतात. सेंटॉस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आहे, म्हणून हे मशीन इंटरनेटला न जोडता फक्त डेटा बाहेर काढण्यापुरतेच चालवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

रेस्क्यूच्या जोडीनेही ड्रॅकटचे शेलच उघडले, तर तिथे रन फोल्डराखालच्या इनिटरॅमएफएस फोल्डरात ‘आरडीएसओएसरिपोर्ट’ नावाची टेक्स्ट फाइल तयार झालेली असते. तिच्यातला ब्लॉक डिव्हाइसांचा भाग आणि छोट्या व्हीएमडीके फाइलीचा संपूर्ण मजकूर असे दोन्ही पाठवावे. डिस्क दिसत नाही की दिसूनही एलव्हीएम जुळत नाही, हे त्यावरून मला सांगता येईल.